लहान ट्रॅक्टर चालविण्यास शिकताना

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर कोरेगाव भीमा ओलांडले म्हणजे शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातील हे गाव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या आडून कोठे अर्धा एकर, कोठे दोन एकर अशी शेती तग धरून आहे. घरातील तरुण पाळीवर कामास जातो, मजूर हंगामाच्या दिवशी मिळत नाही आणि वर्षातून मोजके दिवस लागणारी बैलजोडी उरलेले सर्व दिवस दावणीला बांधून पोसणे परवडेनासे झाले आहे. ही स्थिती एकट्या सणसवाडीची नव्हे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत, जेथे पाणी आहे पण माणूस नाही, तेथे ती कमीअधिक प्रमाणात आढळते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील वहितीधारणेचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर इतकेच होते. अशा तुकड्यात मोठा ट्रॅक्टर नेला, तर त्यास नुसते वळविण्यातच चार तासे वाया जातात. म्हणून ११ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टराकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळले आहे आणि ते योग्यच आहे.

परंतु यंत्र घरी आले, पूजा झाली, नारळ फुटला आणि दुसऱ्याच दिवशी घरातील कोणी तरी ते शेतात नेले, असा प्रकार सर्रास घडतो. विक्रेत्याचा माणूस अर्धा तास येतो, चावी कशी फिरवावयाची ते दाखवितो आणि निघून जातो. मोटारसायकल येते म्हणजे ट्रॅक्टरही येईल, अशी तरुणांची समजूत असते. बैल हाकता येतात म्हणजे हेही जमेल, अशी वडीलधाऱ्यांची असते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. प्रस्तुत लेख त्या पहिल्या आठवड्यासाठी लिहिला आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो गटात वाचून दाखवावा आणि प्रत्येक मुद्दा उभ्या ट्रॅक्टराजवळ हात लावून समजवावा. नुसत्या वाचनाने हे काम साधणार नाही.

बैल आणि यंत्र

बैलजोडी आणि ट्रॅक्टर यांतील एक फरक शिकणाऱ्याने सर्वांआधी ध्यानात घ्यावा. बैलाला स्वतःचा जीव प्यारा असतो. विहिरीच्या काठाशी तो आपण होऊन पाय रोवतो. हाकणारा पडला तर बहुधा थांबतो. नांगराचा फाळ मुळात अडकला, तर दोन झटके देऊन उभा राहतो. मागील कित्येक पिढ्यांनी शेतकामातील निम्मी सावधगिरी नकळत बैलावर सोपविली होती. यंत्राजवळ ती नाही. फाळ खडकात अडकला तरी इंजिन ओढतच राहते आणि चाके पुढे जाऊ शकली नाहीत, तर तेच बळ ट्रॅक्टराचे तोंड आकाशाकडे उचलते.

जुन्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. जन्मभर कासरा हाती धरलेला मनुष्य घाबरला म्हणजे ‘हो, हो’ असे ओरडतो आणि हातातील वस्तू मागे खेचतो. ट्रॅक्टरावर त्याच्या हातात स्टेअरिंग असते. ते मागे खेचल्याने काही थांबत नाही. मात्र पाय ताठ होऊन ब्रेकऐवजी भलत्याच ठिकाणी पडतो. यात हसण्यासारखे काही नाही. चाळीस वर्षांची सवय चार दिवसांत मोडत नसते. म्हणून अशा शिकाऊ व्यक्तीकडून इंजिन बंद असताना, निदान पन्नास वेळा, ‘थांबा’ म्हणताच डावा पाय क्लचवर आणि उजवा पाय ब्रेकवर एकदम दाबण्याचा सराव करून घ्यावा. बोलण्याच्या नादात असताना अचानक ‘थांबा’ म्हणावे. पाय विचार न करता योग्य जागी गेले, म्हणजे पहिला पाठ झाला.

पहिला दिवस: इंजिन बंद

पहिल्या दिवशी चावी शिकविणाऱ्याच्या खिशात असावी. शिकणाऱ्याने ट्रॅक्टराभोवती सावकाश एक फेरी मारावी. चाकांतील हवा, चाकांच्या नटांची घट्टता, खाली डिझेल वा ऑईल गळल्याचा डाग, ऑईल पट्टीवरील पातळी, रेडिएटरमधील पाणी आणि पंख्याचा पट्टा इतके पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडल्यास आतील वाफ आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत रोज पाहावा. आपल्याकडील फुफाटा इंजिनचा मोठा शत्रू आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा होय.

यानंतर चढणे आणि उतरणे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु पाय घसरून पडण्याचे अपघात येथेच होतात. नेहमी डाव्या बाजूने, दोन्ही हातांनी धरून, तोंड ट्रॅक्टराकडे ठेवूनच चढावे व उतरावे. चालत्या ट्रॅक्टरावरून उडी मारणे ही मर्दुमकी नव्हे. चिखलाने भरलेली चप्पल पेडलवरून निसटते, म्हणून पायात पुढून बंद असलेले बूट असावेत. उपरणे, मफलर, सैल धोतराचा सोगा किंवा लोंबणारी ओढणी अंगावर ठेवू नये. त्याचे कारण पुढे येईल.

मग बैठकीवर बसून प्रत्येक दांड्याचे नाव आणि काम पाठ करावे. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत मुख्य गिअरचा एक दांडा व हळू-जलद निवडण्याचा दुसरा दांडा असतो. औजार उचलण्याचा हायड्रॉलिकचा दांडा निराळा आणि पी.टी.ओ. जोडण्याचा निराळा. हातरेस आणि पायरेस या दोन्ही असतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत या दांड्यांच्या जागा सारख्या नसतात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरावर शिकलेल्या माणसानेही आपल्या ट्रॅक्टराची पुस्तिका समोर ठेवून पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी. डोळे मिटून सांगितलेला दांडा अचूक धरता आला, म्हणजे पहिल्या दिवसाचे काम संपले.

ब्रेकच्या पेडलांविषयी येथेच सांगितले पाहिजे. ट्रॅक्टराला डाव्या आणि उजव्या मागील चाकांसाठी दोन स्वतंत्र पेडल असतात. शेताच्या टोकास आखूड वळण घेताना एकच चाक रोखता यावे, हा त्याचा हेतू आहे. दोन्ही पेडल एकत्र जोडण्यासाठी एक कडी असते. शिकणाऱ्याने पहिला संपूर्ण आठवडा ही कडी लावूनच ठेवावी आणि रस्त्यावर तर ती कधीही काढू नये. वेगात असताना एकाच चाकास ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर गिरकी घेऊन कुशीवर पडतो. रस्त्यावर आला आणि कडी लावावयाची राहिली, एवढ्याशा विसराने माणसे गेली आहेत.

इंजिन सुरू करण्याचा क्रम

बैठकीवर बसावे. हातब्रेक लावलेला आहे, मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये आहे, पी.टी.ओ. सुटलेला आहे आणि औजार जमिनीवर टेकलेले आहे, हे प्रत्येक दांडा हलवून पाहावे. क्लच पूर्ण दाबावा आणि मग चावी फिरवावी. इंजिन सुरू झाले की ऑईलचा दिवा विझला काय ते पाहावे. तो विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

हा क्रम मोडण्याचा एक अतिशय घातक मार्ग गावोगाव प्रचलित आहे. बॅटरी उतरली किंवा स्टार्टरचे बटण बिघडले, म्हणजे काही जण जमिनीवर उभे राहून पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर स्टार्टरच्या दोन टोकांवर टेकवून इंजिन सुरू करतात. असे करणारा मनुष्य मागील मोठ्या चाकाच्या अगदी पुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर इंजिन सुरू होण्याच्या क्षणीच चाक पुढे येते आणि त्यास मागे सरण्यास अवधी मिळत नाही. ‘मी न्यूट्रलमध्येच ठेवला होता’ ही खात्री येथे उपयोगी पडत नाही. बैठकीवर बसल्याखेरीज इंजिन सुरू करावयाचे नाही, आणि स्टार्टर बिघडला असेल तर त्या दिवशी काम बंद ठेवावयाचे, हा नियम घरातील प्रत्येकास घालून द्यावा. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा संरक्षक स्विच पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांत असतो. तो त्रास देतो म्हणून तार जोडून निकामी करणारे कारागीरही आहेत. त्यांस ट्रॅक्टराला हात लावू देऊ नये.

दुसरा आणि तिसरा दिवस: मोकळे शेत

दुसऱ्या दिवशी औजार न लावता, पिकाशिवाय मोकळ्या, सपाट शेतात, सर्वांत हळू गिअरमध्ये चालवावे. विहीर, पाटाची चारी, विजेचा खांब आणि तारेचे कुंपण यांपासून शेत दूर असावे. चार कोपऱ्यांस चार पोती किंवा डबे ठेवून त्यांना न शिवता वळण्याचा सराव करावा. क्लच सावकाश सोडण्याची सवय येथे लागली पाहिजे. एकदम सोडलेला क्लच हे पुढील अनेक अनर्थांचे मूळ असते. पाय क्लचवर टेकून चालविण्याची खोडही याच वेळी मोडावी.

मागे घेण्याचा सराव पुढे जाण्याइतकाच करावा. शिकविणाऱ्याने कधीही ट्रॅक्टर आणि भिंत किंवा ट्रॅक्टर आणि औजार यांच्या मध्ये उभे राहू नये. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. त्यामुळे ‘थांबा’, ‘हळू’, ‘मागे घ्या’ आणि ‘इंजिन बंद करा’ यांच्या हातखुणा आधीच ठरवून घ्याव्यात. खूण करणारा मनुष्य दिसेनासा झाला, तर चालकाने थांबावयाचे, तो पुन्हा दिसेपर्यंत हलावयाचे नाही.

ट्रॅक्टर का उलटतो

हा भाग जरा विस्ताराने समजावून घेणे अवश्य आहे. लहान ट्रॅक्टर पडला तर फारसे काही होत नाही, अशी एक चुकीची कल्पना पसरली आहे. सर्वांत लहान ट्रॅक्टराचे वजनही शेकडो किलोच्या घरात असते. त्याच्याखाली सापडलेल्या माणसास त्याचे लहानपण काही उपयोगाचे नाही.

किंबहुना लहान ट्रॅक्टरास कुशीवर पडण्याची एक निराळी भीती असते. उसाच्या सरीत, द्राक्षांच्या किंवा डाळिंबाच्या ओळींत शिरता यावे म्हणून तो अरुंद केलेला असतो. काही नमुन्यांत मागील चाकांमधील अंतर कमी करीत पाऊण मीटरच्या आसपास आणता येते. भाकड बैल दोन पाय जवळ घेऊन उभा राहिला, तर हलक्या धक्क्याने पडेल. तोच पाय फाकून उभा असला, तर पडणार नाही. तीच गोष्ट येथे. म्हणून ओळीतील काम संपले, की चाकांतील अंतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा वाढवून घ्यावे. पुष्कळ शेतकरी एकदा अरुंद केलेली चाके वर्षभर तशीच ठेवतात आणि त्याच चाकांनी ट्रॉली ओढतात. हा आळस महागात पडणारा आहे.

वळताना बाहेरच्या बाजूस ढकलणारे जे बळ लागते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५ किलोमीटरने जे वळण सुखरूप घेतले, तेच ताशी १० किलोमीटरने घेतल्यास हे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. १५ किलोमीटरने घेतल्यास नऊपट. त्यातच आतले चाक बांधावर चढले किंवा बाहेरचे चाक चारीत उतरले, म्हणजे उरलेला तोल जातो. म्हणून वळण्याच्या आधी वेग कमी करावयाचा, वळताना नव्हे. चारी, नाला किंवा ताल यांच्या काठाने जाताना, ती जितकी खोल असेल निदान तितके अंतर काठापासून सोडावे. एक मीटर खोल चारी असेल तर एक मीटर. पावसाने काठ भिजलेला असल्यास याहूनही अधिक. काठ वरून घट्ट दिसतो, पण चाकाच्या वजनाने आतून सुटतो.

मागे उलटणे हा दुसरा प्रकार, आणि तो अधिक भयंकर. मागील चाके चिखलात रुतली किंवा मागचे ओझे हलेना, अशा वेळी इंजिनचे बळ चाकांस फिरवू शकत नाही. मग ते ट्रॅक्टराच्या धडासच आसाभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलली जातात. तोंड उचलले गेल्यापासून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो, आणि त्यातील पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला गेला नाही, तर पुढे काहीही केले तरी उपयोग नसतो. पाऊण सेकंद म्हणजे ‘अरे’ म्हणण्याइतका वेळ. पहिल्या दिवशी पन्नास वेळा क्लच दाबावयास सांगितला, तो यासाठीच.

तेव्हा ओझे किंवा साखळी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच जोडावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा आसाच्या वर कोठेही साखळी अडकविली, की ओढताना ट्रॅक्टर मागे कलंडलाच असे समजावे. औजार जोडण्याची आजची तीन सांध्यांची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. तीत औजाराचा ओढा पुढच्या चाकांना जमिनीवर दाबून ठेवण्यास मदत करतो. परंतु हा लाभ तिन्ही सांध्यांस औजार नीट बसविले असतानाच मिळतो. नुसती साखळी बांधून मिळत नाही. रुतलेल्या चाकाखाली ओंडका घालून किंवा चाकालाच लाकूड बांधून जोर लावण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ती मुळीच मानू नये. चाक त्या लाकडावर अडकते आणि ट्रॅक्टर उभा राहतो. पुढे निघत नसेल तर मागे घेऊन पाहावे, तेही जमले नाही तर चिखल खोदावा, नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. तासभर जाईल, जाऊ द्यावा.

अवघड चढावर मागे जड औजार असेल, तर पुढे वजने लावावीत किंवा चढ उलट, म्हणजे मागे घेत चढावा. उतरण्यापूर्वीच हळू गिअर टाकून घ्यावा. उतारावर क्लच दाबला किंवा न्यूट्रल केले, की इंजिनचा अटकाव नाहीसा होतो व ट्रॅक्टर सुटतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची प्रथा आहे. तीत वाचणारे डिझेल चहाच्या एका कपाचेही नसते.

चालकाच्या मागे उभारलेली पोलादी संरक्षक चौकट ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा राखते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली आणि तेथे उलटण्यामुळे होणारे मृत्यू पुढील काळात फार घटले. आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना शेतकरी किंमत, डिझेलचा खर्च आणि परतविक्रीचा भाव विचारतो. चौकट मिळते काय, हे क्वचितच विचारले जाते. ते विचारावे. चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, कारण पट्ट्याशिवाय चालक चौकटीच्या बाहेर फेकला जाऊन तिच्याचखाली येऊ शकतो. चौकट नसेल किंवा फळबागेसाठी दुमडून ठेवली असेल, तर मात्र पट्टा बांधू नये. हा भेद नीट लक्षात ठेवावा.

पी.टी.ओ. आणि रोटाव्हेटर

चौथ्या दिवशी औजार जोडावे. आरंभी कुळव किंवा फण घ्यावेत, रोटाव्हेटर नंतर. औजार जोडताना दुसरा मनुष्य मध्ये उभा करून ट्रॅक्टर मागे घेऊ नये. आधी ट्रॅक्टर जागेवर आणून थांबवावा, मग पिना घालाव्यात. उचललेल्या औजाराखाली केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर हात किंवा डोके घालू नये. नळी फुटली किंवा दांड्याला कोणाचा धक्का लागला, तर औजार एका क्षणात खाली येते. खाली काम करावयाचेच असेल, तर भक्कम ओंडक्यांचा आधार द्यावा.

रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, मळणीयंत्र यांना फिरविणारा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. सुमारे सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर बावीस सेंटिमीटर भरतो. नऊ फेऱ्यांत जवळजवळ दोन मीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाते. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर त्यात गेला, तर ओरडण्यापूर्वी माणूस शाफ्टपाशी ओढला गेलेला असतो, आणि नऊवारी लुगड्याची सगळी लांबी संपण्यास चार-पाच सेकंद पुरतात. यासाठी शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण दिलेले असते. ते फुटले की पुष्कळ जण काढून फेकून देतात. नवे आवरण बसविल्याखेरीज तो शाफ्ट वापरू नये. मळणीच्या वेळी स्त्रिया यंत्राजवळ काम करतात. त्यांनी पदर कमरेस घट्ट खोचावा, वेणी बांधून घ्यावी आणि चालत्या शाफ्टवरून ओलांडून कोणीही, कितीही घाई असली तरी, जाऊ नये.

आपल्या भागात रोटाव्हेटरमध्ये उसाचे पाचट आणि ठिबकची जुनी नळी फार गुंडाळते. चालक उतरतो, झाकण वर करतो आणि हाताने ओढू लागतो. इंजिन चालू आणि पी.टी.ओ. नुसता ‘सोडलेला’, हीच ती वेळ असते. पोरगा बैठकीजवळ येतो, दांड्याला हात लावतो. नियम असा की पाती साफ करावयाची असतील तर इंजिन बंद करावयाचे, चावी काढून स्वतःच्या खिशात टाकावयाची, पाती फिरावयाची पूर्ण थांबल्याचे पाहावयाचे, उचललेल्या रोटाव्हेटरखाली ओंडक्याचा आधार द्यावयाचा आणि मगच हात घालावयाचा. चावी खिशात असली म्हणजे दुसऱ्या कोणाची चूक आपल्या बोटांपर्यंत पोहोचत नाही.

बसणारे आणि बसविणारे

ट्रॅक्टराला बैठक एकच असते. मडगार्डवर लहान मुलास बसवून शेतावर नेणे ही कौतुकाची गोष्ट मानली जाते आणि आजोबांपासून सर्वांना ती आवडते. एक खड्डा आला की ते मूल मागच्या चाकापुढे पडते. चालकास कळेपर्यंत चाक पुढे गेलेले असते. लहान ट्रॅक्टराचे मडगार्ड तर आणखी अरुंद असते. या बाबतीत घरातील ज्येष्ठांनीच नकार द्यावयास हवा, कारण मुलाच्या हट्टापुढे तरुण चालकाचे चालत नाही.

ट्रॉलीतून मजूर नेण्याची प्रथा त्याहून व्यापक आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतकामास निघालेल्या मजूर महिलांसह ट्रॅक्टर व ट्रॉली पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळली. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात महिला बुडाल्या. सकाळची वेळ होती आणि त्या रोजच्याप्रमाणे कामावर निघाल्या होत्या. आपल्या शिवारातही रस्त्यालगतच्या विहिरी थोड्या नाहीत. शिकणाऱ्याने ट्रॅक्टर शेतात नेण्यापूर्वी वाटेवरील व शेतातील प्रत्येक विहीर, बुजलेली असो वा वापरातील, स्वतः पायी जाऊन पाहावी. कठडा नसेल तर निदान दगडांची ओळ आणि चुन्याने रंगविलेले खांब दूरवरून दिसतील असे उभारावेत. गवत वाढले, की परक्या शेतात नांगरटीस गेलेल्या चालकास विहिरीचे तोंड दिसत नाही. ज्यांनी भाड्याने नांगरट करून घ्यावयाची आहे, त्यांनी ट्रॅक्टर बांधावर येताच प्रथम विहीर दाखवावी, मग भाव ठरवावा. मजुरांची ने-आण करण्यासाठी ट्रॉली नाही, हे मजुरांनीही ठामपणे म्हटले पाहिजे. पण दोन किलोमीटर उन्हात चालत जाण्यावाचून दुसरा मार्ग त्यांस आपण ठेवतो काय, हाही प्रश्न शेतमालकांनी स्वतःस विचारावा.

महामार्ग

सणसवाडीच्या शेतकऱ्यास हा पाठ टाळता येणार नाही. अनेकांचे घर रस्त्याच्या एका बाजूस आणि शेत दुसऱ्या बाजूस आहे, आणि मधून दिवसरात्र कंटेनर धावतात. हिशेब करून पाहावा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून सुमारे सात मीटर आणि ओलांडावयाची एक बाजू दहा-अकरा मीटर, असे सतरा-अठरा मीटर अंतर ताशी ५ किलोमीटरने कापण्यास सुमारे तेरा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्या वेळात दोनशे मीटरांहून अधिक पुढे येतो. तेव्हा दोनशे मीटरांच्या आत वाहन दिसत असता ओलांडावयास निघू नये. वळणामुळे तेवढे दिसतच नसेल, तर पुढे जाऊन अधिकृत चौकातून ओलांडावे. उलट दिशेने थोडेच जावयाचे आहे, असे म्हणून समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर ट्रॅक्टर घालणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय कंटेनरचालकाची ती अपेक्षा नसते.

ट्रॉलीचे ओझे ट्रॅक्टराच्या मापाचे असावे. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टराहून फार जड असेल, तर उतारावर ब्रेक लावताच ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होतो. उसाच्या हंगामात मोठ्या ट्रॅक्टरांमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात, म्हणून आपल्या लहान ट्रॅक्टराला तसे करावयास लावू नये. पुस्तिकेत दिलेले वजन ही शेवटची मर्यादा समजावी. अंधारात ट्रॉलीचा मागचा भाग दिसत नाही आणि मागून येणारी मोटारसायकल त्यावर आदळते. लाल परावर्तक आणि त्रिकोणी खूण लावणे, चिखलाने झाकली असल्यास पुसणे आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर दगड लावून सोडून न जाणे, इतके तरी प्रत्येकास करता येते.

चालविण्याचा परवाना शेतातील ट्रॅक्टरास लागत नाही, असा एक समज आहे. सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर आणावयाचा म्हणजे परवाना, नोंदणी आणि विमा तिन्ही हवेत. परवान्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. शाळेतील मुलगा ‘चांगला चालवितो’ म्हणून त्याच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्या पालकाने हे ध्यानात ठेवावे, की अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते.

शिक्षणाची सोय

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव येथे कृषि विज्ञान केंद्रे आहेत. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले आणि त्यातून यंत्रांसाठी अनुदान मिळू लागले. अनुदानाच्या अर्जाकडे जितके लक्ष जाते, तितके शिक्षणाकडे जात नाही, असा आमचा अनुभव आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्याने ट्रॅक्टर घेतलेल्या पाच-सहा कुटुंबांचा गट करावा. रब्बीची काढणी उरकल्यावर रान मोकळे असते, ऊन चढण्यापूर्वी सकाळचे दोन तास मिळतात आणि पाळीवरून आलेल्या तरुणांनाही ती वेळ सोयीची पडते. गटात घरातील स्त्रियांना अवश्य घ्यावे. पुरुष कारखान्यात असताना ट्रॅक्टर पुष्कळदा त्यांनाच हलवावा लागतो, मात्र दाखविण्याच्या वेळी त्यांना कोणी बोलावीत नाही.

सातव्या दिवशी शिकविणाऱ्याने शेताच्या कडेस उभे राहावे आणि काही बोलू नये. शिकणाऱ्याने फेरी मारून यंत्र तपासावे, क्रमाने सुरू करावे, औजार जोडावे, दहा तासे काढून परत यावे. परत आल्यावर औजार जमिनीवर टेकविणे, न्यूट्रल करणे, हातब्रेक लावणे, इंजिन बंद करणे आणि चावी काढणे यांपैकी काही राहिले, तर आठवा दिवसही शेतातच घालवावा. रस्त्यावर नेण्याची परवानगी नवव्या दिवशी पाहावी.